कुठी उतरसान?

अकोल्याच्या जठारपेठेत कोणी ‘चला, हॉटेलात जाऊ’ म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे आलुबोंडा असतो, कचोरी असते, चहा असतो. खोली, गादी, उशी यांतले काहीही नसते. रात्र काढायच्या जागेला आपल्याकडे ‘लॉज’ म्हणतात. लॉजच्या पाटीवर ‘लॉजिंग-बोर्डिंग’ असे जोडनाव असेल, तरच तिथे जेवायलाही मिळेल हे कळते. दुसरा शब्द ‘बुटीक’. चौकातून आतल्या गल्लीत शिरले की एखाद्या घराच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन दिसते. दाराशी पुतळ्याच्या अंगावर अर्धवट टाचलेला ब्लाऊज, खिळ्याला लटकनांचे झुबके आणि वर पाटी, अमुक बुटीक. त्याच पाटीवर खाली बारीक अक्षरांत ‘फॉल-पिको करून मिळेल’. तेव्हा ‘बुटीक’ आणि ‘हॉटेल’ हे दोन्ही शब्द जठारपेठेला पुरते ओळखीचे आहेत. फक्त ते एकत्र आले की काय होते, हे पेठेला माहीत नाही.

शेजारच्या वहिनींना मुलीच्या कॉलेज प्रवेशासाठी मुंबईला जायचे होते. मुलीने फोनवर शोधून तीन जागा निवडल्या. एक कुलाब्यात, तिच्या नावापुढे ‘हेरिटेज बुटीक’. दुसरी अंधेरीत, नावात ‘रेसिडेन्सी’ आणि खोलीला ‘सूट’. तिसरी वांद्र्याला, नुसतीच ‘बुटीक स्टे’, दाराला आकडे दाबून उघडायचे कुलूप, आत माणूस कोणी नाही. तिन्हींचे भाडे जवळपास सारखेच. वहिनींनी फोन माझ्यापुढे धरला. “भाऊ, हे बुटीक हॉटेल म्हंजे काय वो? तिथं कपडे शिवतात का जेवाले देतात?”

प्रश्न रास्त होता. आपण जे भाडे भरतो त्यातला बराचसा भाग या शब्दांचाच असतो. सारख्याच मापाच्या दोन खोल्यांपैकी एकीला ‘लॉज’ म्हटले आणि दुसरीला ‘बुटीक’, की दोघींचे दर एक राहत नाहीत. तेव्हा निवड करायची तर आधी शब्द उलगडून पाहावेत. तिन्ही जाहिरातींतले शब्द मी तसेच एकेक करून सोडवले आणि ते करताना आपल्या भाषेतले याच कामाचे शब्द आपोआप शेजारी येऊन बसले.

‘बुटीक’ची सुरुवात कोठारात झाली. ग्रीक भाषेत ‘अपोथेके’ म्हणजे वस्तू बाजूला काढून ठेवण्याची जागा. लॅटिनमध्ये त्याचे ‘अपोथेका’ झाले आणि मग जो देश तो अर्थ. जर्मनांच्या तोंडी ते औषधाचे दुकान ठरले, इंग्रजीत औषधे बनवणारा ‘अपोथेकरी’ झाला. स्पेनमध्ये त्याचीच ‘बोदेगा’ झाली, म्हणजे दारू साठवायचे तळघर. इटलीत ‘बोत्तेगा’ झाली, जिथे कारागीर आणि चित्रकार हाताखाली शिष्य घेऊन काम करत. दक्षिण फ्रान्समधल्या ‘बोतिका’वरून फ्रेंच ‘बुतिक’ आले आणि त्याचा अर्थ शतकानुशतके साधे ‘दुकान’ एवढाच होता. पुढे विसाव्या शतकात कपड्यांच्या छोट्या, निवडक मालाच्या दुकानाला तो चिकटला आणि त्याच अर्थाने आपल्या गल्लीपर्यंत आला.

ग्रीक ‘अपोथेके’ आपल्याला वाटतो तितका परका नाही. त्यातला ‘अपो’ म्हणजे संस्कृतातला ‘अप’, आणि ‘थेके’च्या मागचा धातू म्हणजे आपला ‘धा’, ठेवणे. ग्रीक ‘तिथेमि’ आणि संस्कृत ‘दधामि’ ही सख्खी भावंडे आहेत. या ‘धा’पासून आपल्याकडे निधी आला, निधान आले, अभिधान आले आणि ‘परिधान’ही आले. परि-धान, भोवती ठेवणे, अंगाभोवती घालणे. गल्लीतल्या बुटीकवाल्या ताई जे शिवतात ते परिधान, आणि त्यांच्या पाटीवरचा शब्दही ‘धा’च्याच घरचा. मराठीला हा शब्द पॅरिसहून आला असला तरी त्याच्या आजोळी आपले येणेजाणे होते.

हॉटेलला ‘बुटीक’ हे विशेषण लागले ते न्यूयॉर्कमध्ये. 1984 साली मॅडिसन अॅव्हेन्यूवर ‘मॉर्गन्स’ नावाचे हॉटेल उघडले. स्टीव्ह रुबेल आणि इयन श्रेगर हे त्याचे चालक, आधी ‘स्टुडिओ 54’ या नाइटक्लबमुळे गाजलेले. आतली मांडणी आंद्रे प्युतमन या फ्रेंच बाईंची. मोठमोठी साखळी हॉटेले म्हणजे सगळा माल एका छपराखाली विकणारी डिपार्टमेंट स्टोअर्स, आणि आपले हॉटेल म्हणजे बुटीक, असे रुबेल सांगत. या तुलनेतून शब्द रूढ झाला. खोल्या थोड्या, प्रत्येकीची सजावट विचाराने केलेली आणि मालकाची आवड जागोजाग दिसणारी, एवढा त्याचा मूळ आशय. एका शहरात पाहिलेली खोली दुसऱ्या शहरात जशीच्या तशी सापडू नये, हा त्यातला आग्रह. तो चांगला आहे, आणि त्याच्यासाठी जास्त पैसे मोजणाऱ्याला मी दोष देणार नाही.

मात्र या शब्दाला माप नाही. तारांकित दर्जा सरकारी समिती तपासून देते. ‘हेरिटेज’ हॉटेलांचेही केंद्रीय पर्यटन खात्याचे वर्ग आहेत. त्या वर्गीकरणात इमारत 1950 पूर्वीची असावी लागते आणि वरच्या दोन वर्गांसाठी 1935 पूर्वीची. म्हणजे कुलाब्याच्या त्या जागेने ‘हेरिटेज’ म्हटले तर कोणत्या साली बांधली, प्रमाणपत्र आहे का, असे दोन प्रश्न विचारून खरेखोटे करता येते. ‘बुटीक’ कोणी कोणाला देत नाही. तो मालकाने स्वतःच लावून घ्यायचा शब्द. म्हणून ‘हेरिटेज बुटीक’ या जोडीतल्या पहिल्या शब्दाचा पुरावा मागावा आणि दुसऱ्याची परीक्षा तिथे पोचल्यावर करावी, असे मी वहिनींना सांगितले. फोटोंतून होईल तेवढी आधीच केली. त्या जागेच्या प्रत्येक खोलीची फरशी वेगळी होती, जुन्या मुंबईच्या नक्षीदार सिमेंट टाइलांची, खिडक्यांना लाकडी झडपा. वांद्र्याच्या जागेच्या सगळ्या खोल्यांत एकच चित्र टांगलेले होते.

आता ‘हॉटेल’. या शब्दापाशी मला जास्त थांबायचे आहे.

फ्रेंच ‘ओतेल’मधल्या ‘ओ’च्या डोक्यावर एक टोपी असते. ती टोपी म्हणजे गळालेल्या ‘स’ची खूण. आधीचे रूप ‘होस्तेल’. त्यामागे लॅटिन ‘होस्पिताले’ आणि त्याच्याही मागे ‘होस्पेस’, म्हणजे यजमान, आणि पाहुणाही. एकाच शब्दात दोघे. हॉटेल, हॉस्टेल, हॉस्पिटल, होस्ट ही सगळी एका मुळाची झाडे. युरोपात मध्ययुगात यात्रेकरू, निराधार आणि आजारी या तिघांना एकाच छपराखाली ठेवणारी घरे मठ चालवत. त्यांतल्या आजाऱ्यांचे पुढे हॉस्पिटल झाले आणि वाटसरूंचे हॉटेल. पॅरिसच्या सर्वांत जुन्या रुग्णालयाचे नाव आजही ‘ओतेल-द्यू’ आहे, देवाचे हॉटेल. तिथल्या नगरपालिकेच्या इमारतीला ‘ओतेल द व्हील’ म्हणतात. श्रीमंतांच्या शहरातल्या वाड्यालाही ‘ओतेल’च म्हणत.

‘होस्पेस’ फोडला की आत दोन तुकडे सापडतात. पहिला ‘घोस्ति’, परका माणूस. इंग्रजी ‘गेस्ट’ त्याच्यापासूनच. लॅटिनमध्ये त्याचाच ‘होस्तिस’ झाला आणि त्याचा अर्थ आधी परका, मग शत्रू. दुसरा तुकडा म्हणजे आपला ‘पति’, स्वामी. परक्याला घरात घेणारा घरधनी तो ‘होस्पेस’. आता मराठीकडे वळा. आपण ज्याच्याकडे उतरतो त्याला ‘यजमान’ म्हणतो. मूळचा यज्ञ करणारा, यज्ञाचा खर्च उचलणारा. मराठीत तो घराचा धनी झाला, पाहुण्याचा आश्रयदाता झाला आणि बायकांच्या बोलण्यात नवराही झाला. ‘आमचे यजमान बाहेरगावी गेलेत’ म्हणणारी बाई आणि ‘होस्पेस’मध्ये ‘पति’ बसवणारा जुना रोमन यांची भेट झाली असती तर दोघांना एकमेकांचे बोलणे लगेच कळले असते.

पाहुण्यासाठीचे आपले शब्द मात्र दुसऱ्या बाजूने आले आहेत. ते घरधन्याकडे पाहत नाहीत, चालणाऱ्याकडे पाहतात. ‘अतिथी’ म्हणजे ज्याच्या येण्याला तिथी नाही तो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. व्याकरणवाले तो ‘अत्’ धातूपासून साधतात, भटकणे. मनुस्मृतीत तर एक रात्र राहणारा तोच अतिथी असे ठरवले आहे. ‘पाहुणा’ची गोष्टही तशीच. ‘पाहणे’शी त्याचा संबंध जोडायचा मोह होतो, पण तो संस्कृत ‘प्राघूर्ण’, प्राकृत ‘पाहुण’ या वाटेने आला आहे आणि त्यातला ‘घूर्ण्’ म्हणजे फिरणे. ‘विहार’चाही मुळातला अर्थ फिरण्याचाच. आधी हिंडणे, मग हिंडणारे भिक्षू पावसाळ्यात जिथे थांबत ती जागा. पातूरच्या डोंगरातल्या लेण्यांत कोरीव खोल्या पाहताना हे लक्षात ठेवावे, म्हणजे शेगावला गजानन महाराज संस्थानाच्या निवासी परिसराचे ‘आनंद विहार’ हे नाव किती जुन्या ओळीतले आहे ते कळते.

आणि ‘वसणे’? आज वस्ती म्हणजे कायमची घरे. पण वेदकाळी ‘वस्’चा एक अर्थ रात्र काढणे असा होता. एसटीच्या बोलीत तो अजून जिवंत आहे. संध्याकाळी खेड्यात जाऊन रात्रभर थांबणाऱ्या आणि पहाटे परतणाऱ्या बसला ‘वस्तीची गाडी’ म्हणतात. इंग्रजी ‘वॉज’ हा शब्द याच धातूचा भाऊ आहे. राहिला होता, एवढ्यावरून तो ‘होता’ झाला.

मुक्काम अरबीतून आला. ‘मकाम’, उभे राहण्याची जागा. आपण त्याला पत्त्यात बसवले, मु. पो. अमुक, ता. बाळापूर. म्हणजे जन्मभर जिथे राहिलो त्या गावालाही आपण पत्रावर उभे राहण्याची जागाच म्हणत आलो. बिऱ्हाडाची ओळख कानडीतल्या ‘बिडार’शी पटते. त्याच्या मुळाशी सोडणे आहे, जू सोडून बैल मोकळे करणे. ‘बिढार’ हे जुने रूप नेमाड्यांच्या 1975 च्या कादंबरीने पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आणले. राहता राहिली आपली ‘पेठ’. तीही दक्षिणेची. कन्नडमध्ये ‘पेटे’, तेलुगूत ‘पेट’, तमिळमध्ये ‘पेट्टै’. बाजार भरतो ती जागा. बाजाराला आलेला माणूस रात्रीपुरता थांबतो आणि थांबलेल्यांची हळूहळू पेठ होते.

पण या सगळ्यांत मला प्रिय आहे तो ‘उतरणे’. मुंबईला गेलेल्या माणसाला वऱ्हाडात पहिला प्रश्न येतो, “कुठी उतरले?” निघण्याआधी विचारायचे तर “कुठी उतरसान?” कुठे राहिले, कुठे झोपले असे विचारत नाहीत. संस्कृतात ‘उत्-तॄ’ म्हणजे पाण्यातून बाहेर येणे, पार होणे. नदी जिथे पायी ओलांडता येते त्या जागेला ‘उतार’ म्हणतात. मोर्णा, पूर्णा ओलांडायला पूल नव्हते तेव्हा गाडीवाटा उताराउताराने ठरत. ‘तीर्थ’ही याच ‘तॄ’चा. तेही मुळात पाणी ओलांडायची जागा. नदी पार झाली, बैल सुटले, माणूस खाली आला की उतरला. प्रवासी म्हणून तो ‘उतारू’ झाला. या शब्दात भाडे नाही, दर्जा नाही. वाट संपली, पाय जमिनीला लागले, एवढेच त्याला सांगायचे आहे. शिवाय ‘उतरणे’ला नेहमी कोणाकडे तरी हवे असते. मामांकडे उतरलो, साहेबांकडे उतरलो.

वऱ्हाडातल्या गावात परक्याला उतरायला घराचा एक भाग राखलेला असे. वाड्याच्या मोठ्या दरवाजाच्या आत दोन्ही अंगांना उंच ओटे, वर माडी किंवा नुसते छप्पर. त्याला ‘ढाळज’ म्हणतात, काही गावांत ‘ढेलज’. फारसी ‘दहलीज’शी त्याचा सांधा जुळतो. दहलीज म्हणजे उंबरठा, देवडी. घरात घेतलेला नाही आणि बाहेरही ठेवलेला नाही, असा माणूस तिथे बसे. गुरव, कुडमुडे जोशी, गुरांच्या बाजाराला निघालेला, सोयरीक सांगायला आलेला. सतरंजी, पाण्याचा गडू आणि जेवणवेळेला भाकर. त्याचे गाव, नाव, काम विचारले जाई आणि मग माणूस पारखून पुढचे दार उघडे किंवा न उघडे. जातीप्रमाणे ढाळजेतली जागा बदलत होती आणि काहींना ढाळजेचीही पायरी मिळत नव्हती, हेही त्याच दगडांना माहीत आहे.

हे ज्यांनी पाहिले आणि सोसले त्यांच्यापैकी एकाने ‘धर्मशाळा’ या शब्दाचा अर्थ पालटून टाकला. गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातले, अंजनगाव सुर्जी तालुक्यात 1876 साली जन्मलेले. धर्मशाळा बांधून पुण्य मिळवायची रीत सावकार-राजेरजवाड्यांची. तिच्या दारावर दात्याचे नाव आणि आत दात्याच्या जातीचा नियम. बाबांच्या अंगावर चिंध्या होत्या, हातात खराटा आणि गाडगे होते. त्यांनी लोकांकडून पैसा उभा करून पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथे धर्मशाळा उभ्या केल्या आणि पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा ज्यांना कोणी उतरू देत नव्हते त्यांच्यासाठी बांधली. ती पुढे त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. ‘शाला’ म्हणजे घर, दालन. टांकसाळीत, पाठशाळेत तीच आहे. ‘धर्म’ म्हणजे काय, हे बाबांनी त्या शाळांतून दाखवले.

गाडगे महाराजांच्या नावाची एक धर्मशाळा मुंबईत दादरला आहे. परळच्या टाटा रुग्णालयात, म्हणजे 1941 साली सुरू झालेल्या टाटा मेमोरियलमध्ये, कर्करोगावर उपचार घ्यायला येणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथे राहतात. अकोल्याच्या कितीतरी घरांना मुंबईतली दुसरी कोणतीही राहण्याची जागा माहीत नसेल, पण ही माहीत असते. युरोपात शेकडो वर्षांपूर्वी हॉस्पिटल आणि हॉटेल वेगळे झाले; दादरच्या त्या धर्मशाळेत ते पुन्हा एकमेकांजवळ आले आहेत. ‘होस्पिताले’चा जुना अर्थ कोणाला प्रत्यक्ष पाहायचा असेल तर त्याने पॅरिसला जायची गरज नाही.

मुंबईत उतरायची वऱ्हाडी माणसाची आणखी एक जागा म्हणजे आमदार निवास. आकाशवाणीशेजारच्या त्या इमारतीत आपल्या आमदाराच्या नावच्या खोलीत गावचे पाच-सहाजण सतरंज्या टाकून झोपलेले असतात, कोणी मंत्रालयात कामाला, कोणी दवाखान्याला. मंत्रालयातल्या ज्या सचिवाला भेटायला ते आलेले असतात त्या ‘सचिव’ शब्दाचा आणि अंधेरीच्या हॉटेलातल्या ‘सूट’चा धातू एकच आहे. लॅटिन ‘सेक्वी’ आणि संस्कृत ‘सच्’, सोबत असणे, मागोमाग जाणे. राजाच्या सोबत असणारा तो सचिव. फ्रान्समध्ये राजाच्या मागून चालणारा लवाजमा ती ‘स्वीत’. लवाजम्यावरून एकामागून एक लागणाऱ्या खोल्यांना तेच नाव पडले. म्हणून ‘सूट’ म्हणायचे तर खोलीमागून खोली हवी. वहिनींनी अंधेरीला फोन लावून विचारले, तेव्हा कळले की खोली एकच आहे, कोपऱ्यात सोफा आहे.

त्याच जागेच्या नावातला ‘रेसिडेन्सी’ तर वऱ्हाडाने फार जवळून पाहिलेला शब्द. 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले आणि पुढची पन्नास वर्षे इथला कारभार हैदराबादच्या रेसिडेंटच्या हाताखाली चालला. 1903 साली वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले तेव्हा तो सुटला. रेसिडेंट ज्या प्रशस्त घरात राहायचा ती रेसिडेन्सी. आज तालुक्याच्या गावातल्या आठ खोल्यांच्या लॉजलाही हे नाव असते. मूळ लॅटिन ‘सेदेरे’, बसणे, म्हणजे आपला ‘सद्’. त्यापासूनचे ‘सदन’ मराठीला केव्हापासून ठाऊक आहे. दिल्लीत महाराष्ट्र सदन आहे. ‘रेसिडेन्सी’ म्हणा की ‘सदन’, बूड टेकायची जागा तीच.

लॉजला आपण कमी लेखतो, पण त्याची कुळी काही हलकी नाही. जुन्या फ्रेंचमध्ये ‘लोज’ म्हणजे पानाफांद्यांचे छप्पर, मांडव. त्याच जर्मानिक मुळापासून मध्ययुगीन लॅटिनमधून ‘लॉबी’ आली. म्हणजे स्टेशनसमोरचा लॉज आणि मोठ्या हॉटेलातली संगमरवरी लॉबी एकाच पर्णकुटीच्या लेकी. जुन्या मराठी माणसाने मुंबईत जेव्हा उतरायच्या जागा उभ्या केल्या तेव्हा त्याला ही परदेशी नावे घ्यावीशी वाटली नाहीत. क्रॉफर्ड मार्केटजवळचे ‘सरदारगृह’ हे त्यांतले सर्वांना ठाऊक असलेले. लोकमान्य टिळक मुंबईत आले की तिथे उतरत आणि 1 ऑगस्ट 1920 रोजी त्यांनी तिथेच देह ठेवला. ताजमहाल हॉटेल डिसेंबर 1903 मध्ये उघडले होते, पण महाराष्ट्राच्या आठवणीत त्या रात्रीचा पत्ता सरदारगृह असा आहे. पुण्यात मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी 1935 साली लक्ष्मी रस्त्यावर राहण्याजेवणाची सोय काढली, तेव्हा नाव इंग्रजी घेतले, ‘पूना गेस्ट हाऊस’, पण त्यातही गेस्ट होता आणि हाऊस होते. पाहुणा आणि घर.

सरकारने मात्र सगळ्यांना एकाच शब्दात कोंबले. फारसी ‘सराय’ म्हणजे घर, राजवाडासुद्धा. काफिल्यांची ती कारवाँसराई. 1867 साली इंग्रजांनी सराईंचा कायदा केला आणि त्यात प्रवाशांच्या आसऱ्यासाठी वापरली जाणारी कोणतीही इमारत म्हणजे सराई अशी व्याख्या केली. त्यामुळे पुढे कितीही काचेची हॉटेले आली तरी दिल्लीसारख्या शहरात त्यांची नोंदणी या सराई कायद्याखाली होत राहिली. मला ही व्याख्या आवडते. तिने पाट्यांकडे पाहिले नाही, वाटसरूकडे पाहिले.

अजून एक शब्द उरला आणि निवड त्याच्यावरच ठरली. ‘चेक-इन’. इंग्रजी ‘चेक’ बुद्धिबळाच्या पटावरून आला आणि त्याचे मूळ फारसी ‘शाह’. मराठीत आपण ‘शह देणे’ म्हणतो तोच. राजाला अडवणे, थांबवणे, त्यावरून तपासणे. अकोल्याहून रात्रीची गाडी धरली की माणूस सकाळीच मुंबईत पोचतो. अंग आंबलेले, हातात पिशव्या, मुलीची फाइल. आणि चेक-इन दुपारी दोनला. मधल्या सहा-सात तासांचे काय, हा अकोलेकराचा मुंबईतल्या प्रत्येक हॉटेलला खरा प्रश्न असतो. स्टेशनजवळचे साधे लॉज चोवीस तासांचा हिशेब धरतात, सकाळी सातला आलात तर दुसऱ्या दिवशी सातपर्यंत. त्यांना हे विचारावेही लागत नाही.

वहिनींनी तिन्ही ठिकाणी हेच विचारले. वांद्र्याला विचारायला माणूस नव्हता. निरोपाला निरोप आला की कुलुपाचा आकडा दोन वाजता मिळेल. अंधेरीने अर्ध्या दिवसाचे जादा भाडे सांगितले. कुलाब्याला फोन उचलणाऱ्या मुलाने आधी विचारले, “कोणत्या गाडीने येताय?” मग म्हणाला, खोली रिकामी असेल तर लगेच देऊ, नसेल तर सामान ठेवा, खाली न्हाणीघर आहे, आंघोळ करून चहा घ्या, कॉलेजला जाऊन या. इमारतीचे सालही त्याने न विचारता सांगितले.

त्यांनी कुलाब्याचे नक्की केले. तिथल्या नोंदवहीत, आता ती संगणकावर असली तरी, ‘कोठून आलात’ आणि ‘कोठे जाणार’ हे दोन रकाने अजून आहेत. ढाळजेत बसलेल्याला हेच दोन प्रश्न विचारत. पहिल्या रकान्यात वहिनी अकोला लिहिणार. दुसऱ्यातही अकोलाच, कारण प्रवेश झाला तर मुलगी हॉस्टेलला राहील आणि त्या परत येतील.